वर्षभराच्या गाण्यांची किर्द-खतावणी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी गेली बावीस वर्षं हिशेब लिहितो. हळदीचा. आता सगळं संगणकावर गेलंय, तरी लक्ष्मीपूजनाला पाटावर लाल वही लागतेच, आणि ती आणायला मालक मलाच पाठवतात. मी दर दिवाळीला दोन आणतो. एक दुकानाची, एक माझी. माझ्या वहीत गाणी असतात. पॉप, रॅप आणि रॉक, इंग्रजी जास्त, मराठी-हिंदी आपसूक येतील तेवढी. एकतीस डिसेंबरला त्यातून वर्षाची वीस गाणी निघतात.

यंदा भाचा म्हणाला, "मामा, मलाबी करायचीय तसली यादी. कसं करतंय ते सांग की." त्याला तोंडी सांगायला बसलो आणि लक्षात आलं की प्रकरण बरंच लांब आहे. म्हणून लिहूनच काढलं. ज्यांनी अशी यादी कधी केली नाही आणि ज्यांचा इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नाही, त्यांनी हेच धरून चालावं.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी वही वगैरे काही ठेवली नव्हती. तीस डिसेंबरला रात्री जेवण झाल्यावर बसलो, आठवून आठवून वीस गाणी लिहिली, खूश झालो. दुसऱ्या दिवशी सहज एकेकाची तारीख बघितली, तर वीसातली चौदा दिवाळीनंतरची. जानेवारीपासून मेपर्यंत जणू जगात कुणी तोंडच उघडलं नव्हतं! दुकानात असा हिशेब दिला असता तर मालकांनी हाकलूनच दिलं असतं. तेव्हापासून आठवणीवर माझा विश्वास नाही.

वर्ष कुठून कुठपर्यंत

सुरुवात इथून करा, नाहीतर डिसेंबरात भांडणं होतात, स्वतःशीच.

सिंगल म्हणजे एकटं बाजारात सोडलेलं गाणं. १९४९ साली आरसीए व्हिक्टर कंपनीनं मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणली. पुढच्या बाजूला चालेल अशी आशा असलेलं गाणं, मागच्या बाजूला दुसरं एखादं. तबकडी गेली, नाव राहिलं. आज गायकानं किंवा कंपनीनं एखादं गाणं अल्बमपासून सुटं करून पुढे केलं की ते सिंगल धरायचं. अल्बममध्ये कोपऱ्यात बसलेलं गाणं कितीही आवडलं तरी या वहीत घ्यायचं नाही. त्याला वेगळी वही करा, मी करत नाही.

आता वर्ष. आपलं व्यापारी वर्ष एक एप्रिलला सुरू होतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. गाण्यांच्या बाजारातही वर्ष जानेवारीलाच सुरू होतं असं नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड नियतकालिकाची वर्षअखेरची यादी जानेवारी ते डिसेंबर अशी नसते, तिचा हिशेब ऑक्टोबरच्या आसपासच बंद होतो. म्हणजे नोव्हेंबरात गाजलेल्या गाण्याचे आकडे पुढच्या वर्षात पडतात. तुम्ही कसलंही वर्ष धरा, पण एकदा धरलं की मोडू नका. माझं एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, आणि तारीख गाणं पहिल्यांदा सिंगल म्हणून सुटलं ती. मी कधी ऐकलं ती नव्हे.

याचा त्रास कसा होतो बघा. कोरियन पॉपमधली रोझे आणि अमेरिकन गायक ब्रूनो मार्स यांचं 'आपाट' (लिहितात APT.) १८ ऑक्टोबर २०२४ ला आलं. कोरियन भाषेत अपार्टमेंटला 'आपातू' म्हणतात, त्या नावाचा दारू पिताना खेळायचा एक खेळ आहे, त्यावरून गाण्याचं धृपद झालं. मी ते धडपणे ऐकलं फेब्रुवारी २०२५ मध्ये, आमच्या गल्लीतल्या एका हळदीला, डीजेवाल्यानं लागोपाठ दोनदा लावलं तेव्हा. माझ्या डोक्यात ते पंचवीसचंच गाणं आहे. वहीत चोवीसला गेलं. काय करणार, नियम म्हणजे नियम.

त्याहून अवघड म्हणजे जुनी गाणी नव्यानं उठतात ती. टेलर स्विफ्टचं 'क्रूएल समर' २०१९ च्या अल्बममधलं, सिंगल झालं २०२३ साली आणि त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ चं, एका वेब मालिकेत वाजलं आणि २०२२ साली ब्रिटनमध्ये पहिलं आलं. पहिलं मी २०२३ ला लावतो, कारण सिंगल म्हणून ते तेव्हाच सुटलं. दुसरं कुठेच लागत नाही. त्याच्यासाठी वहीच्या शेवटी दोन पानं राखून ठेवा, वर लिहा 'मागील बाकी'. जुनं, उशिरा भेटलेलं, विसरलेलं सगळं तिथं. ही दोन पानं पुढे फार कामाला येतात.

किर्द

किर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं लिहायचं, डोकं चालवायचं नाही. गाण्यांची किर्द तशीच. पाच गोष्टी लिहा: तारीख, गाणं, गाणारा, कुठं ऐकलं, आणि एक ओळ. कुठं ऐकलं हे लोक गाळतात. गाळू नका, सहा महिन्यांनी गाणं आठवायला तोच धागा हाताला लागतो.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"१२ मे, रविवार. नॉट लाइक अस. केंड्रिक लमार. भाच्याच्या फोनवर, मिरजेच्या बसला उभं असताना. तंतुवाद्यांचा एकच तुकडा सारखा खुपसतोय. माणूस दुसऱ्याचा पाणउतारा करतोय आणि भाचा नाचतोय."

एवढंच. गाणं चांगलं की वाईट हे ओळीत लिहायचं नाही. त्यासाठी दोन बाजू आहेत. आवडलं ते डावीकडे, जमेला. नाही आवडलं ते उजवीकडे, नावे. नावडलेलंही लिहायचंच, हा माझा हट्ट समजा. सब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो' एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा मी उजवीकडे लिहिलं होतं, "जाहिरातीचं गाणं वाटतंय, आत काही नाही." जूनमध्ये वजनकाट्यापाशी उभा होतो, पोती मोजत होतो, आणि हमालांपैकी एकजण माझ्याकडे बघून हसायला लागला. मी तेच गुणगुणत होतो. चाल पोत्यांच्या आकड्यांत बसली होती. उजवीकडचं डावीकडे घ्यावं लागलं. जुनी नोंद खोडली नाही, नुसता बाण काढला. असे बाण ज्या वर्षी जास्त निघतात ते वर्ष मजेत गेलेलं असतं.

किर्दीला वार ठरवून घ्या. जुलै २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी सुटतात, त्याआधी ब्रिटनचा वार वेगळा, अमेरिकेचा वेगळा होता. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी अर्धा तास काढा. आठवड्याला दहाच्या वर नवीन गाणी ऐकू नका. नवशिका पहिल्या महिन्यात पन्नास-पन्नास ऐकतो आणि फेब्रुवारीत वही माळ्यावर जाते.

माल कुठून आणायचा

मोठ्या याद्या आहेतच. बिलबोर्डची हॉट हंड्रेड ४ ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. ब्रिटनची पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'नं छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांत फोन केले, काय खपलं ते विचारलं, आकडे जमवले, झाली यादी. एकदम अडतीचं काम! आणि गंमत बघा, त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. आमचे वडील बुधवारी आठ वाजता कुणाला रेडिओला हात लावू देत नसत. अमीन सायानींचं ते 'पायदान' ऐकत ते खुर्चीत पुढे पुढे सरकायचे, जणू गाणं त्यांनीच पोत्यात भरून पाठवलंय. माझ्यात हे यादीचं खूळ आलंय ते तिथूनच.

तर मोठ्या याद्या बघा, पण भाव बघतो तशा. गर्दी कुठं आहे ते त्यातून कळतं, बस्स. पहिली वीस गाणी वरवर चाळली तरी पुरे. स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं अ‍ॅप भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, यूट्यूब त्याआधीपासून आहेच. दोन्हीकडे शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या याद्या तयार असतात. सांगली आकाशवाणी १९६३ सालची, आमच्या घरात सकाळ तिनंच होते, पण रॅप-रॉक मागायला तिच्या दारात जाऊ नका.

सगळ्यात चांगला माल माणसांकडून येतो. वीस वर्षांचा एक, चाळिशीचा एक आणि तुमच्याशी कधीच न पटणारा एक, असे तिघं धरा. मला रॅप भाच्यानं दिलं. रॉक दिलं आमच्या समोरच्या दुकानातल्या दिवाणजींनी, जे तोंडानं फक्त भजनं म्हणतात.

आणि आपल्याकडचं विसरू नका. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ चं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं, मराठी शब्द आणि खाली क्लबातला हाउस ठेका, काढलं कुणी तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. इंग्रजी गाण्यांच्या रांगेत ही गाणी बसवताना लाजायचं कारण नाही.

ऐकायचं कसं

इथं जरा बसा. ही पायरी सगळ्यात मोठी आहे.

प्रत्येक गाणं निदान तीनदा ऐका, तीन ठिकाणी. एकदा कानात घालून, शब्द समोर ठेवून. एकदा फोनच्या फुटक्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. एकदा बसमध्ये. मी सांगली-मिरज शहर बस वापरतो. बस हलते, कंडक्टर ओरडतो, शेजारची बाई माहेरच्या गोष्टी सांगते, आणि तरीही जे गाणं डोक्यात शिरतं त्यात काहीतरी असतं.

पॉप ऐकताना धृपदाकडे लक्ष द्या. कडवं, धृपद हे आपल्याला नवीन नाही. नवीन असते ती धृपदाच्या आधीची चढण. चार ओळी येतात, सूर वर सरकतो, ठेका कधी कधी सुटतो, आणि मग धृपद पडतं. चांगल्या पॉप गाण्याची सगळी कारागिरी या चढणीत असते. हात घड्याळावर ठेवा आणि धृपद किती सेकंदांनी येतं ते वहीत मांडा. ते लवकर यायला कारण आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की मगच ते ऐकलं असं मोजलं जातं, त्यामुळे सुरुवातीला रेंगाळणं कुणाला परवडत नाही. 'एस्प्रेसो' सगळं मिळून २ मिनिटं ५५ सेकंदांचं.

रॅपची अडचण वेगळी. नवशिक्याला वाटतं, हा नुसता बोलतोय. मलाही वाटायचं. मग भाच्यानं एक युक्ती शिकवली. ठेका मोजायचा, एक-दोन-तीन-चार, आणि टाळी एकवर नाही, दोन आणि चारवर द्यायची. आपल्या हाडात केरवा आहे, आपण समेला, म्हणजे एकला मान हलवतो. या गाण्यांत स्नेअर ड्रमचा फटका दोन आणि चारला पडतो. हात तिकडे वळला की बोलणं ठेक्यावर कसं पुढे-मागे सरकतंय ते दिसायला लागतं. एका चार मात्रांच्या घराला बार म्हणतात. यमक बारच्या शेवटी आलं की साधं काम. बारच्या मध्येच आलं, ओलांडून पुढच्या घरात गेलं, तर माणूस कसबी.

शब्द वाचल्याशिवाय रॅप जमेला धरू नका. 'नॉट लाइक अस' ४ मे २०२४ ला आलं ते केंड्रिक लमार आणि ड्रेक या दोन रॅपरांच्या जुगलबंदीतलं, आणि ती जुगलबंदी कळायला आपल्याकडच्या माणसाला वेळ लागू नये. तमाशाच्या बोर्डावर सवाल-जवाब बघितलेल्या म्हाताऱ्यानं ते एका दमात ओळखलं असतं. फरक एवढाच की तिथं हरलेली पार्टी त्याच रात्री पुन्हा उभी राहायची. या गाण्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मानाचे पुरस्कार, मिळाले. हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज'ही त्याच वर्षीचं. माणूस केरळातल्या पोन्नानीचा, वाढला अमेरिकेत ह्यूस्टनला, आणि व्हिडिओ जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये. मी ते आधी व्हिडिओसकट बघितलं आणि फसलो. गाड्या भिंतीवर फिरत असताना गाणं कोण ऐकतंय? दुसऱ्यांदा फोन उलटा ठेवून ऐकलं. तेव्हाही टिकलं, म्हणून जमेला. ही चाळणी तुम्हीही लावा: पहिला निकाल व्हिडिओ न बघता.

रॉकबद्दल मिरजेत एक गोष्ट कळली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत एका कारागिराकडे मी तासभर बसलो होतो. तो तानपुऱ्याची घोडी कानशीनं घासत होता. दोन हात मारायचे, तार छेडायची, कान लावायचा, परत दोन हात. घोडीचा माथा असा हवा की तार तिला स्पष्ट टेकूही नये आणि सुटूही नये, नुसती चाटून जावी. मग तो गुणगुणता, भरलेला नाद येतो. जवारी म्हणतात त्याला. घासली नाही तर तार स्वच्छ वाजते आणि मेल्यासारखी वाजते.

मला बसमध्ये परत येताना एकदम उमगलं. रॉकमधली गिटार ऐकून आई म्हणायची, "स्पीकर फाटलाय का रे?" आणि तसंच आहे ते! द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा खरोखर ब्लेडनं कापला होता, आवाज फाटावा म्हणून. घोडी घासणारा कानशीनं जे करतो तेच त्यानं ब्लेडनं केलं. स्वच्छ सुरात मुद्दाम खर आणायची. म्हणून रॉक ऐकताना फाटलेपणाला घाबरू नका, त्याची जवारी कशी लागलीय ते ऐका. सगळीकडे सारखीच खर असेल तर कंटाळवाणं. कडव्यात साफ आणि धृपदात फाटलेलं असेल तर कुणीतरी विचार केलाय.

रॉकला वेळही द्या. द क्युअर या बँडचं 'अलोन' सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, सोळा वर्षांनी त्यांचं पहिलं नवं गाणं. जवळजवळ सात मिनिटांचं, आणि गायक तोंड उघडतो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तेवढ्यात 'एस्प्रेसो' संपून जातं. मी पहिल्यांदा ते मध्येच बंद करून पुढच्यावर गेलो, कारण फोनवर गाणं अडलंय असंच वाटलं. तीस सेकंदांच्या सवयीनं असली गाणी हमखास हुकतात.

आणि एक, आयर्लंडच्या फाँटेन्स डी.सी. बँडचं 'स्टारबर्स्टर'. गायकाला लंडनच्या एका रेल्वे स्टेशनवर भीतीचा झटका आला होता, त्यातून झालेलं हे गाणं. धृपदात तो एक श्वास आत ओढतो, मोठ्यानं, घशातून. शब्द बाजूला राहतात, तो श्वासच लक्षात राहतो. २०१९ च्या पुरात गळ्याइतक्या पाण्यातून पलीकडच्या घरी दोर घेऊन गेलेला एक पोरगा कठड्याला धरून वर आला तेव्हा त्यानं असाच श्वास घेतला होता, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हे गाणं मी बसमध्ये ऐकलं नाही. जमत नाही.

खतावणी

महिनाअखेरीला किर्दीतलं खात्यावर चढवा. तीन खाती, पॉप, रॅप, रॉक. फक्त जमेची गाणी घ्या.

पहिल्याच महिन्यात प्रश्न पडेल, 'तांबडी चामडी' कुठं घालू? रॅपसारखं बोलतात, ठेका नाचाचा, गाजलं पॉपसारखं. वाद घालत बसू नका. हिशेबात ज्या रकमेचं मूळ लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि पुढे बघतो. तुम्हीही चौथं खातं उघडा. माझ्याकडे डिसेंबरपर्यंत सगळ्यात लठ्ठ खातं हेच होतं असा अनुभव आहे, त्यावरून काय ते समजा.

पेव

खात्यावर चढलेलं गाणं महिनाभर बंद ठेवा. अजिबात लावायचं नाही.

हरिपूरला कृष्णाकाठी पूर्वी हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, हळद भरायची, वर झाकून माती लिंपायची. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंदट हवेनं माणूस जायचा. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं बुडाली, पण उघडताना घेतलेला वास माझ्या नाकात अजून आहे. हळद चांगली भरली असेल तर तशीच निघायची. ओल राहिलेली असेल तर तेही तिथंच कळायचं.

गाण्याचं नेमकं तसंच होतं. रोज वाजत असताना सवय कुठली आणि आवड कुठली हे सांगता येत नाही. महिन्यानं उघडलं की पहिल्या दहा सेकंदांत कळतं. माझी दर वर्षी निम्मी गाणी पेवातच कुजतात.

नंबर लावणं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसा. चाळीसेक गाणी उरलेली असतील. त्यातून वीस.

थेट "पहिलं कुठलं?" असं विचारू नका, डोकं चालत नाही. दोन-दोन घ्या. हे की ते? हरलेलं खाली. एक गाणं हातात घ्या, यादीच्या तळाशी ठेवा, वरच्याशी लढवा, जिंकलं की एक घर वर, हरलं की तिथंच बसवा, पुढचं घ्या. एका बैठकीत संपवू नका. सकाळचा निकाल रात्री उलटतो, मग दोन्ही वेळा जिंकलेलंच वर न्या.

वरची दहा ठरली की त्यांना शंभर रुपये वाटून द्या. ही रीत माझी नव्हे. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात समीक्षकांचा वार्षिक कौल असायचा, त्यात दहा अल्बमना शंभर गुण वाटायचे, एकाला पाचपेक्षा कमी नाही आणि तीसपेक्षा जास्त नाही. सिंगलना ते गुण देत नसत, नुसती दहा नावं. मी अल्बमची रीत सिंगलना लावतो. पैसे वाटायला लागलं की माणूस खरं बोलतो. पहिल्या नंबरच्या गाण्याला बारा आणि दुसऱ्याला अकरा देताय? मग पहिल्यावर तुमचा फारसा जीव नाही. एखाद्या वर्षी मला तीस द्यावेसे वाटतात. एका वर्षी कुणालाच पंधराच्या वर देववले नाहीत. त्या वर्षी गाणी बरी होती, मीच कुठं जाग्यावर नव्हतो.

एका गायकाची किती गाणी घ्यायची हेही ठरवा. मी एकच घेतो. भाचा म्हणतो हा अन्याय आहे. असू दे.

अ‍ॅप वर्षाच्या शेवटी स्वतःहून तुमची यादी काढून देतं, रंगीबेरंगी. ती वहीत चिकटवा पाहिजे तर, पण तिच्यावर विसंबू नका. एक तर ती डिसेंबर संपायच्या आत येते. दुसरं म्हणजे ती फोन मोजते, तुम्हाला नाही. गेल्या साली माझ्या फोनवर पहिल्या नंबरला एक अंगाई आली. बहीण बाळंतपणाला आली होती, बाळ त्या एकाच गाण्यावर झोपायचं, फोन माझा. अंगाई चांगली होती, पण वर्षाचं गाणं?

ओळ लिहिणं

वीस गाण्यांपुढे प्रत्येकी दोन-तीन ओळी. 'भारी', 'कडक', 'नाद खुळा' चालणार नाही, हे शब्द कुठल्याही गाण्याला लागतात. लिहिलेली ओळ दुसऱ्या गाण्यापुढे ठेवून बघा. तिथंही बसली तर खोडा. किर्द उघडा, कुठं ऐकलं होतं ते बघा, तिथून सुरुवात करा. 'एस्प्रेसो'पुढे मी शेवटी लिहिलं, "सदुसष्ट पोती या चालीत मोजली, एकही चुकलं नाही." समीक्षा झाली नसेल, पण ती ओळ त्याच गाण्याची आहे.

मग यादी कुणाला तरी दाखवा. घरी दाखवाल तर जेवणाआधी दाखवू नका. भाच्यानं माझी गेल्या वेळची वाचली, दोनदा पान उलटलं आणि म्हणाला, "मामा, ह्यात माझ्या आवडीचं एकबी न्हाई." मी म्हटलं, तुझी तू कर की. म्हणून तर हे सगळं लिहिलं.

एकतीसला रात्री यादीखाली रेघ मारा, तारीख घाला, सही करा. त्यानंतर बदल नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एखादं मार्चमधलं गाणं कुठल्यातरी टपरीवर वाजेल आणि पोटात धस्स होईल, हे कसं राहिलं? दर वर्षी होतं. यादी उघडायची नाही. मागील बाकीच्या पानावर जा, तिथं लिहा.

वही घेताना स्पायरलची घेऊ नका, वर्षात पानं सुटतात. कापडी बांधणीची, लाल, रुंद पानांची घ्या. माझ्या प्रत्येक वहीच्या कडेला पिवळे ठसे आहेत, कितीही हात पुसले तरी हळद जात नाही. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचे ठसे वेगळे पडतील.